इंजिन एक, दर चार

सकाळी 9. भोसरी एमआयडीसीतलं शटर वर गेलं की मी आधी बॅटरीचा चार्जर तपासतो. माझं काम रिमॅपचं, म्हणजे ताकद वाढवायला गाडीच्या ईसीयूत, इंजिनाच्या संगणकात, नवी फाइल चढवायची. ती चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू कायमचा बंद पडू शकतो. त्यामुळे चार्जर नीट चालतोय हे पाहिल्याशिवाय मी कुठल्याच गाडीला वायर लावत नाही.

9.30. फोक्सवॅगन व्हर्टस, एक लिटर टीएसआय, मॅन्युअल. मालक पंचविशीतला. गाडीतून उतरता उतरताच त्याने विचारलं, "दादा, माझ्या मित्राच्या स्लाव्हियाच्या रिमॅपला एका ठिकाणी जेवढे सांगितले, त्याच्यापेक्षा मला आठ हजार जास्त सांगितले. असं का?"

तसं सांगायला काही कारणच नाही. टायगुन, कुशाक, व्हर्टस आणि स्लाव्हिया या चारही गाड्या चाकणलाच बनतात. एक लिटरचं इंजिन चौघींत तेच, 115 पीएस आणि 178 न्यूटन मीटरचं. ईसीयू वाचायची रीत तीच. टर्बोचा बूस्ट, टॉर्कची मर्यादा, इग्निशनची वेळ, हात लावायचे मॅपही तेच. बॉनेटवर कुठला बिल्ला आहे याने माझं एका मिनिटाचंही काम वाढत नाही, मग त्याचे पैसे कसले घ्यायचे? मी चौघींना एकच दर लावतो. गाडी किती लाखांची आहे ते पाहून भाव सांगणं मला पटत नाही, आणि या धंद्यात ते सर्रास चालतं.

11. कुशाक, दीड लिटर, डीएसजी ऑटोमॅटिक. हिचा दर मात्र जास्त आहे आणि तो का आहे हे मी गाडीच्या मालकीण मॅडमना कागदावर लिहून दाखवलं. या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि इंजिन कंपनीतूनच 250 देतं. म्हणजे मोकळी जागा शिल्लकच नाही. कमी आरपीएमला टॉर्क बेधडक वाढवला तर क्लच भाजतो. तिथे टॉर्क आवरून धरायचा, वरच्या आरपीएमला थोडी ताकद सोडायची, मग रस्त्यावर लॉग घ्यायचा, फाइल दुरुस्त करायची, पुन्हा लॉग. मॅन्युअल गाडीपेक्षा यात अर्धा दिवस जास्त जातो. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मी तुमच्या वेळेचे पैसे देतेय." बरोबर.

1.30. डबा.

2. बीएमडब्ल्यू एम340आय. जून 2020 नंतर बनलेल्या बीएमडब्ल्यूंचे ईसीयू कंपनीने असे कुलूपबंद केले की नुसत्या ओबीडी पोर्टमधून आत शिरता येत नाही. ईसीयू काढावा लागतो. सुरुवातीला तर लोकांना तो उघडून घ्यायला थेट फिनलंडला पाठवावा लागे. अनलॉकचा खर्च मी बिलात वेगळ्या ओळीत दाखवतो. महाग गाडीचा मालक घासाघीस करत नाही, म्हणून ती ओळ फुगवणं सोपं असतं. पण त्याच्याकडे पैसे आहेत म्हणून माझी मेहनत वाढत नाही.

3.30. एक काका आले, पेट्रोल स्विफ्ट, टर्बो नाही. "बाकीच्यांचं करता तसं आमचंही करा, दर तोच ना?" मी नको म्हटलं. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा बाहेरच्या दाबानेच येते आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात ती आधीच विरळ. फाइल कितीही छान केली तरी काकांच्या पायाला फरक जाणवणार नाही. टर्बोवाल्याला लावलेला दर त्यांनाही लावला तर कागदावर तो सारखा दिसेल, पण त्यांचे पैसे वायाच जातील. एअर फिल्टर आणि प्लग तपासून दिले, तेवढेच पैसे घेतले.

5. व्हर्टस डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर. आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, एकाच उकाड्यात घ्यायचा, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही. दोन्ही आलेख गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे. पैसे घेण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. कंपनीची वॉरंटी जाऊ शकते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ काढून द्या म्हणणाऱ्याला मी कुठल्याही भावात उभं करत नाही.

6.30. फाइलचं काम. दुर्मीळ गाड्यांचा भाव का चढतो ते इथे कळतं. नव्या मॉडेलची पहिली फाइल करायला आठवडा जाऊ शकतो, पुढच्या गाड्यांना तीच थोड्या फरकाने चालते. त्या आठवड्याचं ओझं पहिल्याच मालकावर टाकणं चूक आहे. तशी दहा गाड्या येतील असं वाटलं तर मी ते दहांत वाटतो. तशी गाडी पुन्हा येणारच नसेल तर जास्त पैसे मागतो, आणि कशाचे ते सांगतो.

8. बिलं. वाचन, फाइल, डायनो, जीएसटी, सगळं सुटं. तेवढ्यात फोन आला, ब्रेझा डिझेल. "एसयूव्ही आहे, सियाझपेक्षा जास्त लागतील ना?" दोन्हींत फियाटच्या घराण्यातलं तेच 1248 सीसीचं इंजिन, 90 पीएस, 200 न्यूटन मीटर. म्हटलं, सियाझला जेवढे तेवढेच. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी निघाली आणि काम वाढलं, तर हात लावण्याआधी फोन करीन.