एका घरातले दोन झेंडे

1960 साल. केशवराव जेधे यांच्या निधनामुळे बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने जेध्यांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभं केलं. समोर शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) वसंतराव पवार. वसंतरावांचा धाकटा भाऊ शरद मात्र काँग्रेसचा कार्यकर्ता. हा पोरगा आता काय करणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. कोंडी फोडली ती वसंतरावांनीच. तू काँग्रेसचा विचार पत्करला आहेस, तेव्हा माझ्याविरुद्ध प्रचार करायला कचरू नकोस, असं थोरल्याने बोलावून सांगितल्याचं शरद पवारांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. धाकट्याने जीव तोडून प्रचार केला. गुलाबराव निवडून आले.

मतदानाचं वय तेव्हा 21 होतं. भावाविरुद्ध गावोगाव फिरणाऱ्या शरदला स्वतःचं मत नव्हतंच.

घर या भावांच्या आई शारदाबाईंचं. 1938 साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या या माउलीची निष्ठा पुढे शेकापशी जुळली. जावई एन. डी. पाटील तर शेकापचा बुलंद आवाज. 1978 साली ते शरद पवारांच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री झाले. पण पुढे मेहुण्यांचा पक्ष सत्तेत असताना रायगडच्या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध (सेझ) आणि कोल्हापूरच्या टोलविरुद्ध रस्त्यावर उतरताना त्यांनी नातं आड येऊ दिलं नाही.

एका घरात असे वेगवेगळे झेंडे लागत असले, तरी प्रचारातले कार्यकर्ते अजूनही ‘त्या घरातली पाच मतं आपली’ असा हिशेब मांडतात. कायद्याला हा हिशेब मान्य नाही; त्याच्या लेखी मत घराचं नाही, व्यक्तीचं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. निवडणूक आयोगाने ती चालवून घेतली नाही. सुमारे 28 लाख नावं यादीतून गळाली. मतदान यंत्रासमोरच्या आडोशातही नवरा-बायकोला एकत्र जाता येत नाही. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो, पण त्याला मत गुप्त ठेवण्याचं लेखी वचन द्यावं लागतं.

बारामतीच्या त्याच घराण्यात 2024 साली पुन्हा दोन झेंडे लागले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटल्यावर लोकसभेला शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्यासमोर त्यांची भावजय, म्हणजे चुलतभाऊ अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या. बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करणं ही चूक झाली, अशी कबुली अजित पवारांनी ऑगस्टमध्ये जाहीरपणे दिली. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा बारामतीत अजित पवारांसमोर उमेदवार होते त्यांचे पुतणे युगेंद्र.