बॉक्सवर २०० अँपिअर, पण तुमच्या शेडमध्ये किती? पोर्टेबल वेल्डिंग मशीन घेण्याआधी हे वाचा

गळीत हंगाम जवळ आला की माळशिरस, माढा, करमाळा, पंढरपूर भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्या उभ्या राहायला लागतात. कुणाच्या ट्रॉलीची दांडी हललेली, कुणाचा हूक झिजलेला, कुणाच्या फाळक्याची बिजागरी तुटलेली. दुकानदाराला वेळ नसतो आणि आपल्याला घाई असते. मग मोबाईलवर पाच-सहा हजारांपासून दिसणारं ते छोटं मशीन बघून वाटतं, आपणच का घेऊ नये?

घ्यायला हरकत काहीच नाही. पण आमच्या एका पाहुण्यांनी असंच मशीन मागवलं, त्याची गोष्ट आधी ऐका. बॉक्सवर मोठ्या आकड्यात '२०० अँपिअर' लिहिलेलं. पहिल्या दिवशी गोठ्याचं गेट झकास जोडलं. आठवड्यानं ट्रॉलीच्या दांडीला ८ नंबरचा जाड रॉड लावला, तर एमसीबी पडायला लागली. त्यांनी मोठी एमसीबी बसवली. मग सॉकेटच वितळलं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुमच्या लाईटीचा प्रॉब्लेम आहे." गंमत अशी, की त्याचं निम्मं खरं होतं.

एवढंसं मशीन एवढं काम कसं करतं?

जुनं मशीन आठवा. दोन माणसांनी उचलायचं, खाली चाकं लावलेलं, काहींमध्ये तेल भरलेलं. त्यात लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची गुंडाळी, म्हणजे सरळ सरळ ट्रान्सफॉर्मर. आपली लाईट सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि एवढ्या संथ हेलकाव्यावर ताकद पुढं द्यायची तर ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. नवीन इन्व्हर्टर मशीन आधी लाईटीचं डीसी करतं, मग आयजीबीटी नावाच्या स्विचनं ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. हेलकावा इतका जलद झाला की तेवढ्याच ताकदीला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. म्हणून पाच-सात किलोचं मशीन खांद्याला अडकवून उसाच्या फडात नेता येतं. बाहेर पडणारा करंट डीसी असल्यामुळं आर्कही जुन्या मशीनपेक्षा शांत चालतो.

वजन कमी झालं, पण लोखंड वितळवायला लागणारी ताकद काही कमी झाली नाही. ती सॉकेटमधूनच यायची आहे.

आता हिशोब करू. हातातल्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये २०० अँपिअरला आर्कवर साधारण २८ व्होल्ट धरतात. म्हणजे ५६०० वॉट नुसते रॉडच्या टोकाला. मशीनमधला तोटा धरला की आत ७००० वॉटच्या आसपास लागतात. २३० व्होल्टवर हे ३० अँपिअर झाले, आणि पॉवर फॅक्टर चांगला नसेल तर ४० च्या वर जातात. घरातलं मोठ्यातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं! त्यावर ९० अँपिअरच्या आसपास वेल्डिंग निघतं. म्हणजे १२ नंबरचा रॉड आरामात चालतो, १० नंबरचा कसाबसा आणि ८ नंबरचा विसरायचा. त्याला १४० ते १८० अँपिअर लागतात. एमसीबी पडत असेल तर ती तिचं काम करतेय. वायर तीच ठेवून नुसती एमसीबी मोठी केली तर पुढच्या वेळी वायर जळते.

मागची पाटी वाचा

मशीनच्या पाठीवर किंवा बुडाला एक छोटी पाटी असते. बॉक्सपेक्षा ती खरं बोलते. तिच्यावर इंग्रजी 'एक्स' अक्षरापुढं टक्के लिहिलेले असतात, त्याला ड्युटी सायकल म्हणतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. पाटीवर '२०० अँपिअर, ३० टक्के' असेल तर पूर्ण जोरावर तीनच मिनिटं, मग पिवळा दिवा लागून मशीन थांबणार. असं मशीन न थांबता चालवायचं तर अंदाजे ११० अँपिअरवर चालतं. घरच्या कामाला तेवढं पुरतं. पण दिवसभर ट्रॉल्यांचे सांगाडे बांधायचे असतील तर ते खेळणंच ठरेल.

शिवाय आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे टक्के ४० अंश तापमानावर मोजायचे असतात, आणि काही स्वस्त मशीनवर २५ अंशांवरचा आकडा छापलेला असतो. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मशीन सावलीत ठेवा आणि मागं पंख्याला वारा मिळू द्या.

त्याच पाटीवर 'आयपी' आणि दोन आकडे असतात. २१ असेल तर वरून सरळ पडणारे थेंब चालतात. २३ असेल तर तिरकी सर सोसते. रानात, साईटवर नेणार असाल तर २३ बघा. चौकटीतलं इंग्रजी 'एस' दिसलं तर ओलीत आणि अडचणीच्या धातूच्या जागेत विजेचा धोका जास्त असतो, तिथं वापरायला ते मशीन योग्य आहे असा अर्थ. टाकीच्या आत बसून काम करणाऱ्यांनी हे बघितल्याशिवाय घेऊ नये.

गावाकडची लाईट

व्होल्टेज पडलं की बल्ब मंद होतो, पण इन्व्हर्टर मशीन तेवढीच ताकद मिळवायला उलट जास्त करंट ओढतं. त्यात घरापासून शेडपर्यंत तीस मीटर बारीक वायर ओढलेली असेल तर बघायलाच नको. दीड एमएम तांब्याच्या वायरवर २० अँपिअरला चौदा-पंधरा व्होल्ट वाटेतच जातात. चार एमएमची वायर टाका, आणि तिचं वेटोळं करून ठेवू नका, ते तापतं.

कमी व्होल्टेजपेक्षा वाईट म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल तुटणं. तेव्हा सिंगल फेजच्या लाईनवर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात आणि मशीनचं कार्ड क्षणात जातं. म्हणून काम झालं की स्विच बंद करून थांबू नका, प्लगच काढा.

जनरेटरवर चालवायचं तर १० नंबरच्या रॉडला साडेसात केव्हीएच्या खालचा घेऊ नका. लहान जनरेटरवर आर्क तुटतो आणि उसळलेल्या व्होल्टेजनं मशीन बिघडतं.

आणखी एक, कुणाला आवडो न आवडो. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंगचा धंदा चालवणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दरानं आकारणी होते. आकडा टाकला तर ती चोरी, तिथं कलम १३५ लागतं. घरच्या वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, मशीन घेण्याआधी तो एकदा बघा.

दांडी जोडताना

मशीन कितीही भारी असलं तरी भरलेल्या ट्रॉलीची दांडी हे शिकायचं ठिकाण नव्हे. रस्त्यावर ती सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. भेगेवरून नुसता रॉड फिरवला की वरून जोड छान दिसतो, आत भेग तशीच राहते. आधी रंग, गंज, ग्रीस काढायचं, भेग ग्राइंडरनं इंग्रजी 'व्ही'सारखी तळापर्यंत उघडायची आणि थराथरानं भरायची. प्रत्येक थरानंतर वरची राख ठोकून काढायची. गेट-खिडकीला ६०१३ चा रॉड ठीक. ओढ खाणाऱ्या जोडाला ७०१८ लागतो. डीसी मशीनवर तो चांगला चालतो, हा इन्व्हर्टरचा खरा फायदा. पण ७०१८ ओलावा धरतो आणि ओल्या रॉडचा जोड आतून तडकतो. कारखान्यात तो ३०० ते ३५० अंशांवर भट्टीत वाळवतात. आपल्याकडं भट्टी नाही, तर बंद पुडा फोडायचा आणि त्याच दिवशी वापरायचा. हे जमत नसेल तर दांडीचं काम दुकानातच न्या, रांग असली तरी.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढा. अर्थचा चिमटा जोडाच्या शेजारीच लावा. लांब कुठंतरी लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब होतं. डिझेलच्या रिकाम्या टाकीला किंवा बॅरलला तर हातच लावू नका. आत राहिलेली वाफ बॉम्बसारखी फुटते.

डोळे, धूर आणि शॉक

उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला तर लगेच काही होत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी होतो, बहुतेक मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखा. थंड पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, दुधाचे थेंब घालू नका आणि सकाळी डॉक्टरांकडं जा. हेल्मेटला १० किंवा ११ नंबरची काच हवी. नुसता काळा गॉगल चालत नाही. बघायला जमलेल्या पोरांना आधी हाकला.

शेडनेटचे जीआय पाईप जोडणाऱ्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताच्या धुराचा. गूळ खाऊन तो थांबत नाही. जोडाच्या जागचं जस्त घासून काढा आणि वाऱ्याकडं पाठ किंवा बाजू करून बसा, धूर तोंडावर यायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, तेव्हा बंद खोलीत वेल्डिंग करणं टाळाच.

रॉड टेकवण्याआधी टोकाला ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, पण घामानं भिजून, अनवाणी, ट्रॉलीच्या लोखंडावर बसून काम करताना तेवढेही जीव घेऊ शकतात. व्हीआरडी असलेल्या मशीनमध्ये हे व्होल्ट आपोआप खाली येतात. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी द्या. तीन पिनांचा प्लग, खरीखुरी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या.

आता दुकानात जाताना १० नंबरचे चार रॉड खिशात टाका. मशीन ११० वर ठेवायला सांगा आणि चारही रॉड एकापाठोपाठ संपवा. तिसऱ्यालाच पिवळा दिवा लागला तर मशीन परत द्या. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्या. दुरुस्ती तालुक्याला होते की पुण्याला पाठवावं लागतं हेही विचारा, कारण हंगामात मशीन महिनाभर बाहेर राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. घरी आणल्यावर ग्राइंडर त्याच्या तोंडासमोर चालवू नका. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाऊन कार्डावर बसते. महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीतून कॉम्प्रेसरची हवा मारा. झाकण मात्र मेकॅनिकलाच उघडू द्या. प्लग काढल्यावरही आत काही वेळ सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात.