रॅम घेण्याआधी संगणकाला विचारा

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. मुले त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, सराव परीक्षा सोडवतात. तो फारच रेंगाळू लागला, तेव्हा ४ जीबी रॅम अपुरी पडते हे आम्ही ओळखले. घरोघर फिरून वर्गणी जमवली आणि ३२०० वेगाची ४ जीबीची भारी पट्टी आणली. बसवून पाहतो तो वेग २४०० च! वेगासाठी मोजलेले जादा पैसे पाण्यात गेले. इतरांचे जाऊ नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

असे का झाले? आमच्या संगणकात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. तो डीडीआर-४ रॅम २४०० पर्यंतच चालवतो. जुनी पट्टीही २४०० चीच. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या की दोन्ही सावकाश पट्टीच्या चालीने चालतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आमच्या भाषेत सांगतो. रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असेल तर प्रत्येक फाइलसाठी कपाटाकडे हेलपाटा पडतो. मग हात कितीही चपळ असोत, काम तुंबतेच. म्हणून घरच्या व कार्यालयाच्या कामाला आधी जागा पाहावी, मग वेग. त्याच पैशांत थोडी भर घालून आम्ही साधी ८ जीबीची पट्टी घ्यायला हवी होती.

वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी एवढे करा. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. सध्याचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत, हे तेथे दिसते. प्रोसेसर व मदरबोर्ड यांची कमाल मर्यादा त्यांच्या माहितीपत्रकात असते. दोन्हींपैकी लहान आकडा धरावा. डीडीआर-३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या असतात. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते.

पट्टीवर पीसी४-१९२०० असे लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. त्या आकड्याला ८ ने भागा; २४०० हा वेग मिळतो. २५६०० असेल तर ३२००.

वेगाचा उपयोग नाहीच, असे नव्हे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रांचे कामही याच रॅमवर चालते. तेथे खेळ किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना वेग जाणवतो. एकसारख्या दोन पट्ट्यांचाही तेथे लाभ होतो. पण संगणकाच्या मर्यादेपलीकडचा वेग विकत घेणे म्हणजे बैलगाडीला मोटारीची चाके लावणे.

लोकवर्गणीचा पैसा कष्टाचा असतो. दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, स्वतः तपासून तो खर्च करावा. आम्ही ठेच खाल्ली. आपण शहाणे व्हा.