७०,००० कोटी बोंडं आणि एक सिनेमा

‘गॉन विथ द विंड’ची चर्चा आकड्यांनीच सुरू होते. मार्गारेट मिशेलची १,०३७ पानांची कादंबरी जून १९३६ मध्ये आली आणि दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. डेव्हिड सेल्झनिकने ५०,००० डॉलर मोजून तिचे हक्क घेतले. नायिकेच्या शोधात सुमारे १,४०० मुलींच्या मुलाखती झाल्या आणि स्कार्लेटची भूमिका मिळाली दार्जिलिंगमध्ये जन्मलेल्या व्हिव्हियन लीला.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात पहिला खेळ झाला. शहराची वस्ती जेमतेम तीन लाखांची, आणि तारे-तारका बघायला रस्त्यावर उतरलेल्यांचा अंदाजही तीन लाखांचाच. पुढे अमेरिका-कॅनडात या सिनेमाची २० कोटींच्या आसपास तिकिटं खपली. १९४० मध्ये अमेरिकेची लोकसंख्याच १३ कोटी होती. महागाई हिशोबात धरली, तर कमाईत आजही त्याला तोड नाही.

तरी या गोष्टीतला सर्वांत मोठा आकडा पोस्टरवर कधी आला नाही. तो काढायला नागपूरसारखी जागा नाही, कारण स्कार्लेटचं टारा म्हणजे कापसाचा मळा आणि कापूस विदर्भाला हाताने ठाऊक आहे.

वेचणीला निघालेली बाई कमरेला ओटी बांधते, पऱ्हाटीत वाकते, उमललेल्या बोंडातला कापूस बोटांच्या चिमटीत धरून ओढते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडे काढतात. एका बोंडातून निघतो साधारण ४ ग्रॅम कापूस, सरकीसकट. म्हणजे एका क्विंटलला २५,००० बोंडं. जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर रुई उरते एक-तृतीयांशाच्या आसपास.

आता १८६० च्या अमेरिकी जनगणनेकडे वळू. आदल्या हंगामाच्या कापसाची तिथली नोंद आहे ५३ लाखांहून जास्त गाठींची, प्रत्येक गाठ ४०० पौंडांची, म्हणजे १८१ किलोंची. आपल्याकडच्या आजच्या बोंडाच्या वजनाने ढोबळ हिशोब मांडला, तर एका गाठीला सुमारे १,३५,००० बोंडं लागतात. सगळ्या पिकाची मिळून ७०,००० कोटींच्या वर! एकाच माणसाने दर सेकंदाला एक बोंड, रात्रंदिवस न थांबता वेचायचं ठरवलं, तर तेवढं पीक घरात यायला २३,००० वर्षं लागतील.

ते एका हंगामात घरात आलं. त्याच जनगणनेत गुलामांची संख्या आहे ३९.५ लाख. सगळेच काही कापसात नव्हते, पण तान्ही मुलं आणि म्हातारी धरूनही डोईमागे १,८०,००० बोंडं येतात. मजुरी शून्य.

सिनेमात हे वेचणारे हात पार्श्वभूमीला राहतात. गुलाम दिसतात ते बहुतेक हसरे आणि निष्ठावान. रेल्वेच्या आवारातल्या जखमी सैनिकांच्या दृश्यासाठी सुमारे ८०० माणसं आणि तितकेच पुतळे जमिनीवर निजवले. प्रत्यक्ष अमेरिकी यादवी युद्धात उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. मॅमी या गुलाम दाईचं काम करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला अटलांटाच्या त्या पहिल्या खेळाला येता आलं नाही, कारण जॉर्जियात वर्णभेदाचे कायदे होते. फेब्रुवारी १९४० मध्ये ती ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, तेव्हाही तिला बाकीच्या कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

आणि त्याच युद्धाचं दुसरं टोक आपल्या दारात आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश अमेरिकेतून जायचा. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. हीच नाकेबंदी चुकवून सिनेमातला रेट बटलर श्रीमंत होतो. लिव्हरपूलला भाव चौपटीवर गेला आणि गिऱ्हाइकांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. मुंबईत शेअरांचा उन्माद चढला, १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. कापसाच्या हुंड्या घेऊन लंडनला गेलेल्या तरुण जमशेटजी टाटांच्या हाती तेव्हा निव्वळ कागद उरले.

पण वाटा तयार झाल्या होत्या. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला याच जमशेटजींनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० मागांची. कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी, हा त्यांचा हिशोब होता. आज मिल नाही. तिच्या जागेवर मॉल आहे. विदर्भाचा शेतकरी मात्र अजून कापसातच आहे, भावाची चढ-उतार अजून सातासमुद्रापलीकडे ठरते आणि वेचणाऱ्या बाईला अजून किलोमागे मजुरी मिळते.

‘गॉन विथ द विंड’ जरूर पाहावा. इतक्या भव्यतेने आणि इतक्या ताकदीच्या अभिनयाने उभं राहिलेलं चित्र विरळाच. पण त्याचं मोठेपण २० कोटी तिकिटांनी मोजायचं, तर त्याने नजरेआड केलेली माणसंही मोजायला हवीत. टाराचं वैभव कोणी उभं केलं, हे ओळखायला विदर्भातल्या प्रेक्षकाला इतिहासाचं पुस्तक उघडावं लागत नाही. एका क्विंटलमागे किती वेळा वाकावं लागतं, हे त्याच्या घरातल्या बायकांना माहीत आहे.