एक्सप्लेनर : जुन्या ट्रकच्या वायरिंगमध्ये रंगाआधी जाडी का पाहायची?

१९४७ ते १९५५ दरम्यानचे शेवरलेचे ‘अॅडव्हान्स डिझाइन’ पिकअप ट्रक मूळ रूपात आणताना अनेकदा वायरिंगचा प्रश्न येतो.

मूळ वायर का चालत नाही?
त्या काळी तांब्याच्या तारेवर रबर आणि त्यावर विणलेले सुती आवरण असे. वर्षानुवर्षांनी रबर वाळून तडकते. तार उघडी पडली की शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. म्हणून न वापरलेला जुना साठाही धोक्याचाच.

आजची साधी वायर?
हे ट्रक ६ व्होल्टचे आहेत. ३६ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३ अँपिअर करंट लागतो, ६ व्होल्टवर ६ अँपिअर. १२ व्होल्टच्या गाडीची बारीक वायर इथे टाकली, तर व्होल्टेजची घट टक्केवारीत चौपट होते आणि दिवे मिणमिणतात.

मग उपाय?
आत प्लास्टिक आवरणाची जाड वायर आणि वर जुन्या रंगांची सुती वीण असलेले वायरिंग हार्नेस तयार मिळतात. मात्र मागवताना नुसते ‘१९५५’ सांगू नका. त्याच वर्षी आलेल्या नव्या मालिकेपासून शेवरलेचे ट्रक १२ व्होल्टचे झाले.

जुने हार्नेसही लगेच फेकू नका. वायरची लांबी आणि फाटे जुळवायला तेच कामी येते.