घरात फोन आहे, पण वापरतो कोण?

२०११ च्या जनगणनेसाठी प्रगणक आष्टी तालुक्यात घरोघर गेले, तेव्हा इंटरनेटबाबत घरातील संगणकाला त्याची जोडणी आहे की नाही, एवढेच त्यांना घरयादीत नोंदवायचे होते. देशभरात अशी जोडणी ३.१ टक्के कुटुंबांत आढळली आणि ग्रामीण भागात तर जेमतेम ०.७ टक्के कुटुंबांत. जनगणना प्रत्येक घराच्या दारापर्यंत जात असल्यामुळे वर्धा जिल्ह्याच्या या तालुक्याचा स्वतंत्र आकडा तिच्यातून मिळू शकतो; परंतु तो घराचा आकडा असतो आणि त्या घरातील कोणते प्रौढ माणूस इंटरनेट वापरते, हे त्यावरून कळत नाही.

व्यक्तीचा वापर मोजण्यासाठी नमुना सर्वेक्षणे केली जातात, म्हणजे शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या थोड्या घरांत चौकशी करून साऱ्या राज्याचा वा देशाचा अंदाज बांधला जातो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) पाच वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे २० टक्के व्यक्तींना इंटरनेट वापरता येत असल्याचे दिसले, आधीच्या तीस दिवसांत ते प्रत्यक्ष वापरणारे सुमारे १८ टक्के होते, आणि इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे मात्र जवळपास २४ टक्के निघाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ याच कामासाठी तीन महिन्यांचा कालावधी धरतो. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ‘कधी तरी’ वापरले आहे का, असे विचारले गेले आणि महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ३८ टक्के स्त्रियांनी व ६१.५ टक्के पुरुषांनी होकार दिला. रोज वापरणारी आणि एकदाच वापरून पाहिलेली स्त्री या मोजणीत सारखीच ठरते, तर पन्नाशी उलटलेल्या माणसांची गणती तिच्यात होतच नाही.

प्रश्नाइतकेच महत्त्व उत्तर कोण देतो याला आहे. नमुना सर्वेक्षणात पुष्कळदा घरातील एकच जाणती व्यक्ती सर्वांची माहिती सांगते. ती व्यक्ती कर्ता पुरुष असेल, तर पत्नी किंवा सून फोनवर काय करते याविषयीचे त्याचे उत्तर हा त्याचा समज असतो. आरोग्य सर्वेक्षणात स्त्रीलाच, आणि शक्यतो एकांतात, विचारले जाते, म्हणून स्त्रियांच्या बाबतीत त्यातील आकडा अधिक विश्वासार्ह मानणे योग्य ठरेल.

खरी अडचण मधल्या माणसाची आहे. आष्टी हा कापूस, सोयाबीन आणि संत्र्याचा मुलूख. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा आणि त्यावरून सातबाऱ्यावर नोंद व्हायची, अशी व्यवस्था आहे. मुलाने किंवा पुतण्याने आपल्या फोनवरून ती नोंद केली, तर नाव शेतकऱ्याचे लागते आणि इंटरनेट दुसऱ्याने वापरलेले असते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवरून ज्यांचा अर्ज गेला, त्या बायकांनाही वापरणाऱ्यांत धरावे की नाही, याचे उत्तर आजच्या व्याख्यांत मिळत नाही. ‘स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय वापरता का?’ हा साधा प्रश्न प्रश्नावलीत यायला हवा, कारण पीकविमा, अनुदान आणि दाखले यांची वाट आता त्याच पडद्यावरून जाते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची मासिक आकडेवारी येथे फारशी उपयोगी पडत नाही. ती सिमकार्डे आणि जोडण्या मोजते, एकाच माणसाकडे दोन सिम असली तर दोनदा मोजते, आणि तिच्यातील ‘महाराष्ट्र’ मंडळात गोवा असतो, मुंबई नसते.

२०२५ च्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील ८६.३ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय पोचली आहे. पुढील जनगणनेसाठी जानेवारी २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या ३१ प्रश्नांतही इंटरनेटचा स्वतंत्र प्रश्न आला, तोही कुटुंबापुरताच. आष्टी तालुक्यातील प्रौढ स्त्रियांपैकी किती जणी आपला अर्ज आपल्या हाताने भरू शकतात, हे जाणून घ्यायचे असेल, तर नमुन्यातील घरे तालुक्याचा अंदाज निघेल इतकी वाढवावी लागतील आणि प्रत्येकीला वेगळे विचारावे लागेल.