विमानातील विद्युत् दाब-नियामक : एक नाव, दोन यंत्रणा

मुंबईच्या उपनगरांत हलक्या विमानांचा सर्वांत जुना तळ जुहू येथे आहे. तो १९२८ साली सुरू झाला; १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण पुढे धुळे येथेही सुरू झाले. एका ठिकाणी दमट, खारी हवा. दुसऱ्या ठिकाणी चाळीस अंशांपलीकडे जाणारा कोरडा उन्हाळा. या दोन्ही हवामानांत विमानाच्या विद्युत् व्यवस्थेतील ज्या भागाची कसोटी लागते, तो म्हणजे विद्युत् दाब-नियामक. 'नियामक' हा शब्द मात्र येथे काहीसा फसवा ठरतो. एकाच नावाखाली दोन भिन्न यंत्रणा वावरतात, आणि उष्णतेच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव अगदी वेगळा असतो.

नियामकाची गरज कशासाठी, हे प्रथम पाहू. जनित्र इंजिनाबरोबर फिरते. फेरे वाढले की त्याचा दाब वाढतो. बॅटरीला व उपकरणांना मात्र जवळजवळ स्थिर दाब हवा असतो. बारा व्होल्टांच्या बॅटरीसाठी तो सुमारे १४ व्होल्ट, तर चोवीस व्होल्टांच्या बॅटरीसाठी सुमारे २८ व्होल्ट इतका ठेवतात.

पहिल्या प्रकारच्या जनित्रात चुंबकक्षेत्र वेटोळ्यातील प्रवाहाने निर्माण होते. हा प्रवाह तीन-चार अँपिअरांचाच असतो. तो कमी-अधिक केला की साठ अँपिअर देणारे जनित्रही आवरता येते. येथे नियामक निर्मितीलाच लगाम घालतो. जुन्या नियामकांत हे काम कंप पावणारे धातूचे संपर्क करीत. आता ते ट्रँझिस्टर करतो. समजा, वेटोळ्याचा रोध ४ ओहम आहे आणि १४ व्होल्टांपैकी निम्माच दाब त्याला द्यावयाचा आहे. ट्रँझिस्टर रोधाप्रमाणे वापरला, तर त्याच्यावर ७ व्होल्ट पडतात, त्यातून १.७५ अँपिअर वाहतात आणि सुमारे १२ वॅट उष्णतेच्या रूपाने वाया जातात. तोच ट्रँझिस्टर वेगाने उघडझाप करणाऱ्या खटक्याप्रमाणे चालविला, तर हा व्यय एक-दोन वॅटांवर येतो. पूर्ण बंद स्थितीत प्रवाह नसतो व पूर्ण चालू स्थितीत दाब अत्यल्प असतो; उष्णता प्रामुख्याने मधल्या स्थितीत निर्माण होते.

दुसऱ्या प्रकारात जनित्राचे चुंबक कायमचे असते. रोटॅक्स ९१२ या प्रचलित इंजिनातील जनित्र असेच असून ते सुमारे २५० वॅट देते. या चुंबकाला लगाम घालता येत नाही. त्यामुळे निर्मिती झाल्यानंतरच आवर घालावा लागतो, आणि प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करण्याचे कामही त्याच पेटीकडे येते. १८ अँपिअरांचा संपूर्ण प्रवाह तिच्यातून जातो. डायोड व थायरिस्टर मिळून वाटेत दोन व्होल्ट पडले, तर ३६ वॅट उष्णता तेथेच निर्माण होते. काही नियामक जादा प्रवाह जनित्राच्या वेटोळ्यांतच लघुमंडलित करतात. अशा रचनेत दिवे मालवले, भार कमी केला, तरी नियामक थंड होत नाही. कारण भाराकडे न गेलेला प्रवाह पेटीतून फिरतच राहतो.

येथे उष्णता आणि तापमान यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ३६ वॅट ही उष्णतेची गती झाली. तापमान किती चढेल हे निचऱ्यावर अवलंबून असते. दर वॅटला एक अंश चढ देणाऱ्या पत्र्यावर पेटी बसविली, तर धुळ्याच्या ४२ अंशांच्या हवेत ती ७८ अंशांपर्यंत जाईल. इंजिनाच्या ६५ अंशांच्या कप्प्यात तीच १०१ अंशांवर पोचेल. आतील संधारकांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीस सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. सर्वांत बिकट वेळ उंचीवरची नव्हे. दहा हजार फुटांवर हवा सुमारे पाऊण पट दाट असली, तरी ती वीसएक अंशांनी थंडही असते. खरी कसोटी इंजिन नुकतेच सुरू झाल्यावर लागते : बॅटरी भुकेली, प्रवाह मोठा आणि जमिनीवर वाऱ्याचा झोत अपुरा.

जुहूच्या खाऱ्या हवेत संकट वेगळ्या वाटेने येते. नियामकाच्या जोडणीवर गंज चढून केवळ ०.१ ओहम रोध वाढला, तर ३ अँपिअरांच्या क्षेत्रप्रवाहाने तेथे ०.३ व्होल्ट पडतात. नियामकाला दाब कमी भासतो व तो जनित्राचा दाब तेवढाच वर नेतो. उन्हाळ्यात बॅटरीला उलट कमी दाब हवा असतो. शिसे-आम्ल बॅटरीसाठी दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट, म्हणजे वीस अंशांच्या वाढीस ०.४ व्होल्ट. परिणामी बॅटरी अधिक तापते आणि तिच्यातील पाणी आटते. दोष तारेचा असतो. बदलला जातो मात्र नियामक.

यांत हानी कोणाची होते? बहुतेक जुन्या हलक्या विमानांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते. नियामक बिघडला तरी इंजिन चालत राहते, वैमानिक केवळ दिवे व रेडिओ गमावतो. विद्युत्-नियंत्रित इंधनप्रक्षेपण असलेल्या इंजिनांत ही मोकळीक उरत नाही. भारतात बनलेल्या 'हंसा-एनजी' या प्रशिक्षण-विमानातील रोटॅक्स ९१२ आयएस इंजिन याच जातीचे आहे. म्हणूनच त्यात दोन जनित्रे असतात.

म्हणून परिभाषेतही हा भेद दिसावयास हवा. पहिल्यास 'क्षेत्र-नियामक' आणि दुसऱ्यास 'एकदिशकारक-नियामक' म्हटले, तर कोठे वारा पोचवावयाचा, कोठे जाड पत्रा द्यावयाचा व कोठे जोडण्या तपासावयाच्या, हे नावावरूनच कळेल. परिभाषेची अचूकता ही येथे केवळ कोशकाराची चैन राहत नाही. ती विमान सांभाळणाऱ्या कारागिराची गरज होते.